कटिंगच्या मापाने श्रीमंत

आकडेवारी खात्यात भाव टिपणाऱ्या कारकुनाला सगळा बाजार 'भावजी' म्हणायचा. गेली एकोणीस वर्षं ते दुकानोदुकानी साबण कितीला, खिळे कितीला, असं विचारत फिरत होते. एकही मेहुणी नसताना अर्ध्या बाजाराचे भावजी होऊन बसले होते. विकत क्वचितच काही घ्यायचे, पण आकडा लिहायचे तो चोख.

त्या वर्षी वरून यादी आली. प्रत्येक देशात त्याच वस्तूचा, त्याच सेवेचा भाव टिपायचा आणि कुणाच्या पैशात किती दम आहे ते ठरवायचं. भावजींच्या वाट्याला पुरुषांची कटिंग आली. दुकानात आरसा हवा, पंखा हवा, केस धुण्याचे पैसे धरायचे नाहीत.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने कात्री न थांबवता सांगितलं, "चाळीस. सहा वर्षं झाली, चाळीसच. आम्ही भाव वाढवला की लोक केस वाढवतात."

भावजींनी चाळीस लिहिले. साहेब आकडा बघून खुर्चीतून उठलेच. "तिकडे परदेशात याच कटिंगला आपले आठशे पडतात! अहो, आपण गरीब नाहीच. आपण नुसते स्वस्त आहोत!"

निकाल लागला आणि श्रीमंतीच्या यादीत देश अकरा पायऱ्या वर चढला. साहेबांचा सत्कार झाला, फोटो निघाला. ती वेळ साधून भावजींनी पगारवाढीचा अर्ज पुढे सरकवला.

"कटिंगच्या मापाने तुमचा पगार तिकडच्या साडेचार लाखांएवढा होतो," अर्ज परत करत साहेब म्हणाले. "आणखी किती हाव धराल?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिकडून येतात. त्या इकडच्या भावाने मिळणार का आता?"

"नाही."

"मग इकडच्या भावाने मिळतं तरी काय?"

"कटिंग," भावजी म्हणाले आणि टाळूवरच्या विरळ केसांवरून हात फिरवत बसले.

सहा महिन्यांनी ते पुन्हा भाव टिपायला गेले, तर सलूनमध्ये नवी पाटी होती: कटिंग सत्तर.

"हे काय?"

"रेडिओवर ऐकलं, लोक श्रीमंत झालेत. म्हटलं, आपलाही वाटा काढून घ्यावा," सलूनवाला म्हणाला. "निम्मं गिऱ्हाईक तुटलं. आता तुमच्या खात्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?"

भावजींनी सत्तर लिहिले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "एका कात्रीपायी देश खाली घसरेल! दुसरा सलूनवाला बघा." दुसरा म्हणाला पंचाहत्तर, तिसरा ऐंशी.

शेवटी साहेबांनीच युक्ती काढली. ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्ची, आरसा आणि पंखा मांडला. सलूनवाल्याला एका दुपारपुरतं बोलावलं. त्याने कटिंग चाळीसात करायची, वरचे तीस खातं गुपचूप देणार. खुर्चीत बसायचं भावजींनी, पावतीही त्यांनीच घ्यायची.

भावजी बसले, चाळीस दिले, पावती घेतली. आकडा खोटा नव्हता, तरी चोखही नव्हता. त्यांनी चाळीस लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत भर घातली: 'हा भाव आज दुपारपुरता आणि या व्हरांड्यापुरता.'

आता नोकरी जाते म्हणून पंधरा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग वरून पत्र आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: 'कर्मचाऱ्यांना कार्यालयातच कटिंगची सोय मिळते, या शेऱ्याची समाधानाने नोंद घेतली आहे.' देश आणखी दोन पायऱ्या चढला. पुढच्या खेपेला व्हरांड्यात दातांच्या डॉक्टरची खुर्ची मांडायचा हुकूम निघाला.

त्याच संध्याकाळी भावजींनी वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात बदली मागितली. अर्ज मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. तोवर देशासाठी त्यांच्या दोन दाढा गेल्या.