आठ जोड चपला

जिती माणसं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं माझी आई गावी, मैंदर्गीत, सांगायची. पंगतीला किती बसलेत हे तीही मोजायची, पण पत्रावळी मोजून. पुढे मी सोलापुरात सूतगिरणीच्या गोदामात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. गोदामात चपला घालून यायला बंदी. आत किती माणसं आहेत हे मी दाराबाहेरच्या चपला मोजून सांगायचो आणि कधी चुकलो नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हे सांगितलं तेव्हा लोक हसले. मी मात्र ते हसू जमेच्या बाजूला धरलं.

तर फेब्रुवारीत आम्ही सात रस्ता भागातले चार म्हातारे आपापल्या बायका घेऊन बार्शीच्या पलीकडे, बालाघाटाच्या डोंगरात, एका तळ्याकाठी तंबूत राहायला गेलो. कल्पना फकीरभाईची. फकीरभाई म्हणजे माझा शेजारी, चाळीस वर्षं लोकांच्या विजारी शिवून स्वतः कायम लुंगीत राहिलेला माणूस. त्याच्या नातवाने मोबाइलवर फोटो दाखवले होते: निळं पाणी, नारंगी तंबू, मागे धावड्याचं रान.

"अण्णा, जिंदगीत एकदा तरी तंबूत झोपून बघू," तो म्हणाला.

"तंबूत झोपायची वेळ येऊ नये म्हणून तर आयुष्यभर घराचे हप्ते भरले," मी म्हणालो. पण गेलो.

कॅम्प शहाजी नावाच्या तिशीतल्या धनगराचा. त्याचा चुलता तात्याबा तिथेच डोंगरात मेंढरं राखायचा आणि पाहुण्यांकडे मेंढरांइतक्याच लक्षाने बघायचा. पोचल्या पोचल्या मी सवयीने सामान पाहून घेतलं. तंबू चार. अंथरायच्या जाड फोमच्या पट्ट्या सोळा. सोलापुरी चादरी चोवीस. झाडांना दिव्यांच्या माळा बांधायला बांबूच्या शिड्या दोन. होडी एक, वल्हंही एकच.

"एका वल्ह्याने होडी गोल फिरते की रे शहाजी."

"फोटोला तेवढं पुरतं काका," तो म्हणाला. पोरगं हुशार होतं.

तळं फोटोतल्याएवढं उरलं नव्हतं. पाणी मागे सरकलं होतं आणि पलीकडच्या अंगाला तळाची माती उघडी पडून भेगाळली होती. ते बघून मी आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे हेमावतीला, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बघ, तुझ्या टाचांचा फोटो काढून इथे पसरलाय." वर्षभर तिच्या टाचांना भेगा पडत होत्या आणि वर्षभर मी त्यांच्यावर विनोद करत होतो. टाचांत दुष्काळ जाहीर करा, टँकर सुरू करा, असले. लोक हसले. तीही हसली आणि पाय साडीत ओढून घेतले.

दुपारी जेवणं झाल्यावर डोंगरावरच्या बिरुदेवाच्या ठाण्यापर्यंत चालून यायचं ठरलं. अर्ध्या तासाची वाट. मी आणि फकीरभाई पुढे, बाकीचे मध्ये, बायका मागे. माझी गेल्या वर्षी बायपास झालेली. डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलंय, म्हणून मी चालतो आणि किती पावलं झाली ते मोजतो. मागे वळून बघायला त्यांनी सांगितलेलं नाही.

चारच्या सुमाराला आम्ही परतलो. जेवणाच्या छपरापाशी शेणाने सारवलेली जमीन, म्हणून चपला बाहेर काढायच्या. शहाजी जीप सुरू करून उभा होता.

"काका, सगळी आली का? बार्शीला जीप सोडतो. सिलेंडर संपलाय, सांच्याला चहा न्हाय व्हायचा."

मी छपराबाहेर ओळीने बघितलं. एक, दोन, तीन... आठ जोड. शेवटचा हेमावतीचा, तपकिरी, डाव्या पट्ट्याला फकीरभाईने निळ्या दोऱ्याने टाके घातलेला.

"आठ. पुरे," मी म्हणालो. "सोड जीप."

ड्रायव्हर जीप घेऊन गेला. बायकांच्या तंबूची चेन लावलेली होती. हेमावतीचा गुडघा दुखतो, आत पडली असेल, असं मला वाटलं. फकीरभाईची बायको रुक्साना झाडाखाली लसूण सोलत होती. अण्णांबरोबर पाण्याकडे गेली असेल, असं तिला वाटलं. आम्ही दोघंही आपापल्या वाटण्यात सव्वा तास निवांत होतो. मी तर फकीरभाईबरोबर पाण्याच्या काठावर पत्त्यांचा डाव मांडला होता आणि जिंकत होतो.

सव्वापाचला रुक्साना आली. "अण्णा, भाभींना म्हणावं काळा मसाला कुठल्या पिशवीत ठेवलाय?"

"तंबूत आहे की ती."

"तंबूत? तंबूतून तर मी आत्ताच आले."

मी उठलो. तंबू बघितला, दुसरा बघितला, संडासाकडे जाऊन हाका मारल्या. तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, त्यावर मुलीचे, सुकन्याचे, दोन मेसेज आलेले. मग मी छपराशी आलो. सात जोड लाल फुफाट्याने माखलेले होते. पट्ट्यांत कुसळं अडकलेली, टाचांना शेण लागलेलं. आठवा जोड स्वच्छ होता. सकाळी जीपमधून उतरून ठेवला तसाच. तो डोंगरावर गेलाच नव्हता. मी जोड मोजले होते, बघितले नव्हते.

शहाजीने चपला पाहिल्या आणि त्याचा चेहराच उतरला. छपरापासून पाणी वीस पावलांवर. काठावर चपला आणि बाईमाणूस गायब, याचा अर्थ खेड्यात एकच निघतो. त्याने तो बोलून दाखवला नाही. धावत जाऊन होडी पाण्यात ढकलली. होडी गोल फिरायला लागली.

"हेमा!" मी ओरडलो. एकेचाळीस वर्षांत तिला चारचौघांत नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमच्यात "ऐकलं का" पुरायचं. समोरच्या डोंगराने हाक परत केली.

रुक्सानाने माझा दंड धरला. "अण्णा, पाण्यात शोधू नका. भाभी पाण्यात नाही गेल्या. त्या आपल्याबरोबर वर आल्या होत्या, सगळ्यांच्या मागे. परत निघतेवेळी काटा काढायला बसल्या, मला म्हणाल्या तू हो पुढं."

"चपला इथे आहेत रुक्साना!"

"त्या चपला घालत नाहीत." तिने फकीरभाईकडे बघितलं. तो खाली बघत होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. "तुमचं ऑपरेशन झालं त्या दिवशी सिद्धेश्वराला नवस बोलल्यात. माणूस वाचू दे, वर्षभर अनवाणी चालीन. तुमच्यासोबत निघाल्या की पायात घालतात. तुम्ही कोपऱ्यावर पुढं गेलात की काढून पिशवीत. देवाला सांगितलंय म्हणे, माझा माणूस हसतो, तेवढं चालवून घे."

टाचा डोळ्यांसमोर आल्या. टँकर सुरू करा.

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगून काय होणार होतं, अण्णा?" फकीरभाई म्हणाला. "तू सगळ्या मोहल्ल्याला हसवलं असतंस."

तेवढ्यात तात्याबा मेंढरं घेऊन उतरला. शहाजीने पाण्यातूनच त्याला सांगितलं. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न मला केला, "बाईच्या पायात काय हुतं?"

"काहीच नव्हतं."

"मग बरं हाय. तुमच्या समद्यांच्या चपलांत एकच उघडा पाय. चला."

सूर्य डोंगरावर हातभर उरला होता. मी तिच्या चपला उचलल्या. का, ते माहीत नाही. डॉक्टरांनी पळू नका सांगितलेलं, मी पळत होतो. फकीरभाई छपरापासूनच ओरडत होता, "अण्णा, छाती! अरे, छाती!" शहाजीनेही होडी सोडली आणि मागून आला.

ठाण्याच्या अलीकडे पाऊण वाटेवर तात्याबा उकिडवा बसला. धुळीत एक पाय उमटला होता. लहान, बोटं फाकलेली, टाचेच्या जागी बारीक रेघा. मी विनोद केलेल्या रेघा. पुढच्या पावलात टाच नव्हतीच, नुसता चवडा.

"काटा मोडलाय, टाच टेकवंना ती," तात्याबा म्हणाला. "आन् हितं चुकली बगा. ही वाट मान्सांची न्हाय, माज्या मेंढरांची. पान्यावर उतरती, पर पल्याडच्या अंगाला."

त्या वाटेने आम्ही उतरलो. एका दगडावर काळपट पडत चाललेला रक्ताचा डाग होता, तळव्याएवढा. करवंदीला तिच्या हिरव्या पदराचा धागा. मी हाका मारत होतो आणि प्रत्येक हाकेनंतर थांबत होतो. काहीच येत नव्हतं. नुसत्या टिटव्या.

रान संपलं आणि समोर तळं आलं. पाण्यापलीकडे आमचे चार नारंगी तंबू अगदी समोर दिसत होते, हाक मारावी इतके जवळ वाटणारे. मधे भेगाळलेली जमीन, पाण्याच्या कडेने थेट तंबूंकडे गेल्यासारखी. आणि पावलं सरळ त्या जमिनीवर गेली होती.

कोकणातला माणूस तिथे पाऊल टाकणार नाही. पण आम्ही सोलापूरची. आमच्याकडे तळी आटतात आणि आटलेल्या तळ्यातून वाट पडते. पोरं शाळेला जातात, बैलगाड्या जातात. भेगाळलेली जमीन म्हणजे वाळलेली जमीन, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तिने तंबू बघितले असतील, दुखरा पाय बघितला असेल, आणि जवळची वाट धरली असेल.

"ह्यो गाळ हाय," शहाजी हळूच म्हणाला. "वर पापुद्रा धरतो. खाली बैल गेला तर दिसत न्हाय."

तीसेक पावलांवर काहीतरी हिरवं दिसलं. मला आधी झुडूप वाटलं. मग त्या झुडपाने हात वर केला.

ती छातीपर्यंत आत होती. दोन्ही हात पुढे पसरून पापुद्र्यावर हनुवटी टेकलेली. हाका मारून मारून आवाज गेलेला, त्या पलीकडे पोचल्याच नव्हत्या. तोंड हलत होतं, ऐकू येत नव्हतं. पलीकडे, तिच्या डोळ्यांसमोर, सव्वा तास मी पत्ते खेळताना तिला दिसत असलो पाहिजे.

मी निघालोच होतो. तात्याबाने काठी आडवी घातली. "एकाची दोन करू नगा! दोर पायजे. फळी पायजे. शहाजी, जीप?"

"बार्शीला."

जीप मीच सोडली होती. जीपमध्ये दोर होता.

"दोर कॅम्पात दुसरा नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. गोदामातला आवाज होता तो. "शिड्या दोन आहेत, छपरामागे, आडव्या ठेवल्यात. फोमच्या पट्ट्या सोळा, तंबूत चार-चार. चादरी चोवीस, बारा छपरात दोरीवर आहेत, त्या घे. पिळून गाठी मार, चादर तुटत नाही. शिड्या आधी. पळ!"

शहाजी तळ्याच्या काठाने पळाला. पलीकडे तो, फकीरभाई आणि बाकीचे धावताना दिसत होते. आम्ही दोघं उभे होतो. मी तिच्याशी बोलत राहिलो, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

"हलू नकोस. हात पसरूनच ठेव. सुकन्याचे दोन मेसेज आलेत. काळा मसाला कुठे आहे विचारत होती रुक्साना." शिव शिव, काय बोलत होतो मी! एकदा तिची हनुवटी खाली गेली आणि वर आली नाही. मी किंचाळलो. ती वर आली. सूर्य डोंगराआड गेला तसा वारा सुटला. मी आयुष्यभर नग मोजले. त्या दिवशी तिचे श्वास मोजायचा प्रयत्न केला, तर एवढ्या लांबून दिसेनात.

ते आले तेव्हा उजेड राखाडी झाला होता. पट्ट्या अंथरल्या, त्यांवर शिडी, तिच्यापुढे दुसरी शिडी. शहाजी टेकला तर पट्टी बुडायला लागली. तात्याबाने पटका काढला, चादरीचं टोक कमरेला बांधलं. "माज्यात काय वजन उरलंय," म्हणाला आणि पोटावर सरकत निघाला. तिच्या काखेतून चादर घातली, गाठ मारली, हात वर केला.

आम्ही ओढलं. ती आली नाही. पुन्हा ओढलं. तिच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. फकीरभाईने मला ढकललं, "तू सोड अण्णा, तुझे टाके!" मी सोडलं नाही. छातीत काहीतरी ताणलं गेलं आणि मला वाटलं, फाटलं तर फाटू दे, त्या छातीपायीच ती तिथे आहे. तिसऱ्या वेळी गाळाने मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि ती सुटली. मग सरपटत, तोंडावर, चिखलाच्या ओंडक्यासारखी काठाला आली.

अंग बर्फ झालं होतं. ओठ निळे. जीप यायला अजून तास होता. रुक्सानाने तिला उरलेल्या चादरींत गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि आपल्या भाषेत दुवा पुटपुटत राहिली. मी पायांशी बसलो. पाण्याने पाय धुतले. टाचेत काटा आत मोडलेला, भोवती सूज. भेगांत गाळ भरून बसला होता, तो मी बोटाने काढत होतो.

मग मी चपला पुढे केल्या. एवढ्या गडबडीत त्या कशा सांभाळल्या कोण जाणे. पट्टा सैल करून उजव्या पायात सरकवू लागलो. थरथरता पाय तिने मागे घेतला.

"हेमा, आता पुरे. देवाला कळलंय."

तिने मान हलवली. आवाज नव्हता, मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अठरा दिवस राहिलेत," ती म्हणाली.

मी ऑपरेशनची तारीख आठवली, मनात हिशोब केला. "एकोणीस."

"आजचा झाला धरा की," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

फकीरभाई माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी चपला काखेत मारल्या. तिला शिडीवर झोपवलं, चौघांनी उचललं, आणि काठाकाठाने तंबूकडे निघालो. तात्याबा बॅटरी घेऊन पुढे. तिचे पाय माझ्या बाजूला होते. दर थोड्या अंतरावर मी हात लावून बघत होतो, गरम होतायत का. अजून होत नव्हते.