साडेचौदाचा पाढा

आमच्या लाँड्रीच्या बॉयलरवर एकवीस वर्षं एकच माणूस आहे, बॉयलरमामा. एकवीस वर्षांत त्यांच्या रजा नऊ. त्यातल्या तीन लग्नाच्या, त्याही लग्न स्वतःचं होतं म्हणून.

वाफ किती चढली असं विचारलं की मामा नुसता आकडा सांगत. "सत्त्याऐंशी." कशाचे सत्त्याऐंशी, हे कधी कुणी विचारलं नाही. 'पौंड' हा शब्द तबकडीवर होता, पण तो केव्हाच काजळीखाली गेला होता.

मग ती तबकडी फुटली आणि नवी बसली. हिच्यावर आकडे शून्य ते दहा, आणि ते पौंडांचे नाहीत, बारचे. पहिल्याच सकाळी काटा सहावर येऊन थांबला.

"सहा?" मामा म्हणाले. "ही तर अजून जांभया देतेय." त्यांनी आग वाढवली. काटा सातवर गेला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि असा किंचाळला की घड्या घालणाऱ्या बायका चादरी टाकून रस्त्यावर.

मालकीणबाई आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मामा, सोमवारी इन्स्पेक्टर येतोय. त्याला तबकडी नीट वाचून दाखवलीत तर बॉयलर तुमचा. नाहीतर तुम्ही घड्यांच्या टेबलावर."

बॉयलरमध्ये पाणी होतं, मामांच्या तोंडचं मात्र पळालं. कारण घड्यांच्या टेबलावर हुकूम चालतो मामीचा. घरी एक पाळी करून आलेल्या माणसाला कामावर दुसरी कशी झेपणार?

मामीलाही ते परवडणारं नव्हतं. मामांच्या घड्या तिनं घरी पाहिल्या होत्या.

"एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, थोडं इकडेतिकडे," ती म्हणाली. "पाढा पाठ करा."

"साडेचौदाचा पाढा असतो का कुठे?"

"साडेतीनची औटकी असते, मग साडेचौदानंच काय घोडं मारलंय? म्हणा. साडेचौदा एके साडेचौदा."

"दुणे एकोणतीस."

"त्रिक?"

"साडे... त्रेचाळीस."

चादरीच्या घडीगणिक पाढ्याचं एकेक घर पुढे सरकायचं. तिसऱ्या दिवशी अख्खं खातं ताल धरून म्हणू लागलं. सहाव्या घरावर मामा अडखळले.

"सक सत्त्याऐंशी. म्हणजे त्या दिवशी वाफ बरोबर होती?"

"होती."

"बाईंना सांगू नकोस."

सोमवारी इन्स्पेक्टर आला, कागद घेऊन तबकडीसमोर उभा राहिला. "किती?"

"सहा."

"सहा काय?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. "सहा बार. म्हणजे सत्त्याऐंशी पौंड."

"कागदावर किलोपास्कल हवेत."

मामा तबकडीवर किलोपास्कल शोधू लागले. टेबलावरून मामी मान वर न करता म्हणाली, "बारवर दोन शून्यं चढवायची."

"बाई, प्रश्न यांना आहे."

"मी चादरीशी बोलतेय, साहेब."

"सहाशे," मामा घाईनं म्हणाले. "आणि सातशेला व्हॉल्व्ह उघडतो. नक्की उघडतो."

"नक्की कशावरून?"

"उघडून पाहिलाय."

"चाचणी म्हणून?"

मालकीणबाई दारातच होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मामीकडे. "नाही साहेब. चुकून."

इन्स्पेक्टरनं चष्मा पुसला. "व्हॉल्व्ह चालतो आणि माणूस खरं बोलतो," तो म्हणाला आणि मामांच्या नावापुढे सही ठोकली.