तिओफिलाकाकूची भट्टी

"मोड म्हनालीस तवा मोडली. आता बांध म्हन्तीस? माझी भट्टी हाय, तुझ्या हापिसातली खुर्ची न्हवं, आज हितं न् उद्या तिथं सरकवायला!"

तिओफिलाकाकूनं कमरेवर हात ठेवून तोफ डागली, आणि अदेलाइदानं मान खाली घातली. घालणार नाही तर काय? बाई शिकलेली, सरकारी गृहशास्त्राची मास्तरीण. खडखडती मोटार घेऊन न्यू मेक्सिकोच्या डोंगरातली गावं पालथी घालायची, बायकांना शेंगा, मटण डब्यात भरून टिकवायला शिकवायची. मागं ह्याच अंगणात उभं राहून तिनं भाषण झोडलं होतं, की मातीची भट्टी म्हणजे धूर, राख आणि रोगराई. पाव भाजायला पोटात कप्पा असलेली लोखंडी शेगडी घ्या. एल आलामितो गावच्या बायकांनी पटापट भट्ट्या पाडल्या. काकूनं तर सासूच्या हातची भट्टी कुदळीनं फोडली आणि मेंढ्या विकून शेगडी आणली.

आता वारं फिरलं होतं. राजधानीतल्या गोऱ्या बायांना जुन्या स्पॅनिश चालीरीतींचं खूळ लागलं होतं. अदेलाइदानं आज्यांच्या तोंडून लाल मिरचीचा रस्सा, सणाचे पाव, बाळंतिणीची पेज असं सगळं वर्षानुवर्षं गोळा केलेलं. त्याचं पुस्तक व्हावं हा एकच ध्यास. ते छापायचं का नाही हे त्या गोऱ्या बायांतल्या मिसेस पेनिमनच्या हातात, आणि तिला आधी बघायची होती धडधडती मातीची भट्टी. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

"काकू, चुकलं माझं. पण ह्या वेळी वाचवा."

"बांधीन की. पन चिखल तू तुडवायचा."

मास्तरणीनं मोजे काढले, झगा वर खोचला आणि गवत घातलेल्या चिखलात उतरली. शेजारणी भिंतीवर बसून पिन्योन झाडाच्या बिया फोडत होत्या. त्यांना आयता तमाशा.

"पाय बरे हायत की गं! उगंच बिनलग्नाची ऱ्हायली."

"आगं, हिनं नवरा बी डब्यात भरून ठिवला आसंल!"

अदेलाइदाला हसूही आलं, रडूही आलं. मेंढीच्या कातड्यानं काकूनं भट्टी गुळगुळीत सारवली आणि बजावलं, "आता हिला ऊन खाऊ दे. वल्ली पेटवलीस तर तडकंल."

पण पेनिमनबाईला दम कुठला? ठरल्या दिवसाच्या कितीतरी आधी मोटारीचा धुरळा दिसला. संगती फोटोवाला. अदेलाइदा रडकुंडीला आली. काकू म्हणाली, "रडती कशापायी? पाव हायत शेगडीत. पाला पेटव, नुसता धूर कर. बाकीचं मी बगती."

भट्टीतनं धूर निघाला. काकूनं शालीआडून गरम पाव आत सरकवले आणि लाकडी फळीनं थाटात बाहेर काढले. पेनिमनबाईनं घास घेतला न् डोळेच मिटले.

"अहाहा! ही मातीची चव! लोखंडाला सात जन्मांत यायची नाही."

तिचे मिटलेले डोळे बघून भिंतीवरच्या बायांत खोकल्याची साथ आली. फोटोवाल्याला मात्र धूर पुरेना. त्यानं कुणाला न विचारता भट्टीत चार ओंडके कोंबले.

पेनिमनबाई स्वयंपाकघरात डोकावली आणि शेगडी बघून तिनं नाक मुरडलं. "हे काळं ध्यान इथं कशाला? काढून टाकायला सांगा म्हातारीला. ते गेलं की पुस्तक छापलं म्हणून समजा."

"काय म्हनती ती इंग्रजीत?" काकूनं विचारलं. अदेलाइदानं सांगितलं.

"आस्सं? आनू कुदळ?" काकूचा आवाज चिरकला. "येकदा काय ते ठरवा गं बायांनो! मत तुमचं फिरतंय, आन् घर माजंच का फुटतंय?"

अदेलाइदाच्या काळजाला ते लागलं. इतक्या वर्षांचा घाम त्या पुस्तकात होता. तरी ती पेनिमनबाईकडं वळली. "बाई, पाव शेगडीतला आहे. भट्टी ओली आहे. जुनी भट्टी मीच मोडायला लावली होती. शेगडी कुठंही जाणार नाही. पुस्तक छापा नाहीतर नका छापू."

पेनिमनबाई टकामका बघत राहिली, आणि मग खो खो हसत सुटली.

"काय थट्टा करता हो तुम्ही लोक! शेगडीतला म्हणे! मी काय दुधखुळी आहे? हा गावरान मिश्कीलपणासुद्धा पुस्तकात घाला. छापलंच समजा!"

आणखी दोन पाव बगलेत मारून बाई मोटारीत बसली. धुरळा खाली बसतो न बसतो तोच भट्टीतनं 'ताड्' आवाज आला. डोक्यापासनं बुडापर्यंत भेग. अर्धी भट्टी धपकन् बसली.

भिंतीवरच्या बाया पोट धरून हसल्या.

"काकू, खरं सांगितलं तरी छापणार म्हणाली."

"खऱ्याला कोन इचारतंय? तिला धूर पायजे हुता, मिळाला." काकूनं पाण्याची बादली तिच्या पायाशी आदळली. "तुझं पुस्तक झालं. आता माजी भट्टी. चल, काढ मोजे."