बेबाकीचा दाखला

मैनुद्दीनची निवड दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात वेल्डर म्हणून झाली, तेव्हा माजलगावात पेढ्यांआधी सल्ले वाटले गेले. जो तो बाजूला घेऊन सांगे, "चौकशीत तुजं नाव आडवं येईल बघ." इतक्या जणांनी सांगितल्यावर त्यालाही ते खरं वाटायला लागलं. आजोबांच्या जमिनीचे निजामाच्या काळातले कागद, शाळेचा दाखला, हेडमास्तरांची चिठ्ठी, जे हाताला लागलं ते त्याने पिशवीत भरलं.

नोकरी हातची जाऊन चालणार नव्हतं. धरणाचा तळ उघडा पडला होता, ऊस नव्हता, म्हणून साखर कारखाना बंद. तिथल्या वर्कशॉपमधले त्याचे निम्मे सोबती पुण्यात वॉचमन झाले होते. मैनुद्दीन मोंढ्याबाहेर ट्रॉल्यांना टाके मारून कसंबसं घर चालवत होता, आणि वयाची अट यंदा संपत होती.

चौकशीच्या साहेबांनी पिशवीतले कागद उघडलेसुद्धा नाहीत. "तुमच्या घराबद्दल, गावाबद्दल कसलीच तक्रार नाही," ते म्हणाले. मैनुद्दीनच्या छातीवरचा दगड उतरला. "पण थकीत देण्याच्या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय. कामगार पतसंस्थेची वसुलीची नोटीस तुमच्या नावावर आहे."

"साहेब, ते कर्ज माजं न्हाई. राधाकिशनचं हाय. मी नुसता जामीन."

यात लबाडी तसूभरही नव्हती. वर्कशॉपमध्ये जामिनाचा कागद चहाबरोबर फिरायचा. आज तू माझा, उद्या मी तुझा. सही करताना रक्कम वाचणं म्हणजे सोबत्याचा अपमान. मैनुद्दीनच्या बहिणीच्या लग्नाला राधाकिशनने सही केली होती, राधाकिशनच्या बायकोच्या ऑपरेशनला मैनुद्दीनने. पगार थांबले, हप्ते थांबले, नोटीस आली. तेव्हा चुकून आलेलं टपाल पोचवावं तशी ती त्याने राधाकिशनच्या घरी नेऊन दिली होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. "देणं असणं गुन्हा नव्हे," त्यांनी समजावलं. "पण मानेवर देणं असलेल्या माणसाला बाहेरचा कुणीही पैसे दाखवून फितवू शकतो. वर तुम्ही ते लपवलंत. महिनाअखेरपर्यंत बेबाकीचा दाखला आणा. काही बाकी नाही एवढं संस्थेनं लिहून दिलं, की गैरसमज झाला असं मी लिहीन."

राधाकिशनला त्याने यातलं काही कळू दिलं नाही. त्या घरी देण्यासारखं काय उरलं होतं? सुरैयाने कानातलं काढून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "पैले बी कान खालीच थे," म्हणाली, जणू रिकाम्या कानांची तिला सवयच होती. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पतसंस्थेच्या शटरला सील होतं. संचालकांची आपसांत जुंपली होती आणि संस्थेवर प्रशासक आला होता. तो बीडला बसतो असं कळलं, म्हणून मैनुद्दीन बीडला गेला.

"पैसे भरायला आलात?" प्रशासकाने चष्मा वर केला. इथे येणारा प्रत्येक जण ठेव मागायलाच येत होता. "अहो, पण मी घेऊ कसे? पावतीपुस्तकासकट सगळं दप्तर तपासणीला गेलंय."

"नुसतं लिहून द्या साहेब, मी पैसे घिऊन आलतो म्हनून."

"बाकी किती, हेच मला ठाऊक नाही. काय लिहू?"

"दप्तर कवा येईल?"

"तपासणी झाल्यावर."

मैनुद्दीनने नोटा टेबलावर ठेवल्या आणि तो वळला. शिपायाने दारात गाठून त्या त्याच्या खिशात परत कोंबल्या. देणं फेडायला आलेल्या माणसाला असं हाकलतात, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानंतरही तो खेटे घालत राहिला. महिना संपला, आणि कानातल्याचे पैसे हळूहळू पीठमिठात विरघळून गेले.

नकाराचं पत्र आलं. सुरक्षा मंजुरी देता येत नाही, एवढंच. कारण लिहिलेलं नव्हतं.

ते घेऊन तो राधाकिशनकडे गेला, कारण दुःख घेऊन जायला त्याला दुसरं घर नव्हतं. राधाकिशनने पत्र वाचलं आणि तो लालबुंद झाला. "कारन बी लिवलं न्हाई बे. कसं लिवतील? नाव खुपलं त्यांना, दुसरं काय."

त्याची बायको बायनाबाई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. ऑपरेशनपासून तिला फार वेळ उभं राहवत नसे. ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, आमच्या कर्जाचं तर काई न्हाई ना आडवं आलं? ती नोटीस आलती..."

मैनुद्दीनने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर ही बाई आपण जगलो याचीच लाज बाळगत उरलेले दिवस काढील, हे त्याला दिसत होतं.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "माज्या नावानंच घात केला."

साऱ्या मुलखात ज्या एका माणसाला त्याचं नाव खुपलं नव्हतं, त्या चौकशीच्या साहेबाला राधाकिशनने कचकचीत शिवी हासडली. मैनुद्दीनने मान डोलावली.