जहाजाचं ॲव्हरेज

वरवट बकालात शेषरावांच्या गाडीला गाडी कोणी म्हणत नसे. तिचं नाव जहाज. खामगावच्या एका ठेकेदाराने ती सहा वर्षं वापरून शेषरावांच्या गळ्यात मारली, तेव्हा शेषराव सरपंच होते आणि सरपंचाने मोटरसायकलवर फिरणं गावाच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. सरपंचपद पाच वर्षांत गेलं. जहाज राहिलं. अडीच टन लोखंड, पुढे म्हशीलाही आडवं पाडील असा गार्ड, टपावर कॅरिअर, चार हॉर्न, आत नऊ माणसांची सोय, आणि डिझेल पिण्याच्या बाबतीत कसलाही संकोच नाही. लिटरला सात किलोमीटर. उतारावर साडेसात.

मुलगा राजकुमार पुण्याहून दर रविवारी फोन करी आणि जहाज भंगारात द्यायला सांगे. शेषराव ऐकून घेत. मग म्हणत, तुझ्या मायले अकोल्याले कशात नेऊ? यावर राजकुमार हवामानाचं विचारी.

राजकुमारच्या आईच्या, पुष्पाबाईंच्या, किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. खाऱ्या पाण्याच्या त्या पट्ट्यात ही काही बातमी नव्हे. तिथे तूर किती झाली हे ज्या सुरात विचारतात त्याच सुरात क्रिएटिनिन किती आलं हेही विचारतात. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिन्याच्या महिन्याला अकोल्याला येऊन दाखवायचं, गोळ्या बदलून घ्यायच्या. हे चुकलं की डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल, आणि मशीन एकदा लागलं की सुटत नाही. अकोला ऐंशी किलोमीटर. एसटीने गेलं तर शेगावात गाडी बदलायची, आणि घरी पोचेपर्यंत पुष्पाबाईंचे पाय सुजून चपलेत मावत नसत. तेव्हा जहाज टिकवणं भाग होतं, आणि जहाज टिकवायचं तर त्याची तहान कमी करणं भाग होतं.

शेषराव कडूबा मिस्त्रीकडे गेले. कडूबाचं गॅरेज फाट्यावर. तो कमी बोलायचा. त्याचं बहुतेक बोलणं पान्यांनीच चाले. त्याने एअर फिल्टर काढून आपटला तर त्यातून गेल्या चार उन्हाळ्यांची माती पडली. टायरांत हवा कमी होती ती भरली. गार्ड उतरवला, कॅरिअर उतरवलं, चारपैकी तीन हॉर्न काढले. मग म्हणाला, आता वजन. आणि त्याने शेषरावांकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, पण माणूस सभ्य होता, त्याने मागच्या सीटांचा विषय काढला.

"भाऊ, मांगं सात-सात माणसं कोंबून फिरत होते तुम्ही, ते दिवस वेगळे. आता बसते कोण?"

माजी सरपंचाला हे लागलं. पण खोटं नव्हतं. मागच्या दोन्ही रांगा निघाल्या. मोकळ्या जागेत शेषरावांनी घरची गादी अंथरली, वर सोलापुरी चादर टाकली, उशी ठेवली. दोन महिने पुष्पाबाई त्या गादीवर पडून अकोल्याला गेल्या-आल्या. पाय सुजले नाहीत. झोपल्या-झोपल्या खिडकीतून नुसत्या लिंबाच्या झाडांचे शेंडे दिसतात, रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत, म्हणून बरं वाटतं, म्हणाल्या. ॲव्हरेज दहावर आलं. शेषरावांना बऱ्याच वर्षांनी आपण कुठली तरी योजना मार्गी लावली असं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या गुलाबरावाचे थोरले भाऊ भगवंतराव अकोल्याच्या त्याच दवाखान्यात वारले. तिथली शववाहिनी बाहेर गेलेली, खासगीवाला तोंडाला येईल ते मागत होता. गुलाबरावाचा फोन आला. रडता रडता तो एवढंच म्हणाला, की भाऊ, तुमच्या गाडीत मांगं जागा हाय ना.

मयतीला नाही म्हणायची गावात रीत नाही. लग्नाला गाडी नाकारता येते, क्लच गेला म्हणून सांगता येतं. मयतीच्या वेळी क्लच चांगलाच असतो.

शेषराव गेले. गादी काढून घडवंचीवर ठेवायचं त्या घाईत कोणालाच सुचलं नाही. येताना गुलाबराव भावाच्या उशाशी बसला होता आणि दर खड्ड्याला म्हणत होता, हळू घ्या. शेषरावांनी पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. दचका नाही, करकचून ब्रेक नाही, कोणाला मागे टाकायची घाई नाही. एसी लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून लावला नाही. दुसऱ्या दिवशी गोमूत्र शिंपडून, कडुनिंबाचा पाला फिरवून, गाडी धुऊन झाल्यावर त्यांनी शेगावच्या पंपावर टाकी फुल केली आणि मनातल्या मनात भागाकार केला. उत्तर तेरा आलं. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेरा.

राजकुमारने ॲव्हरेज वाढवायचे जे व्हिडिओ पाठवले होते, त्यांतले सगळे नियम मयत नेताना आपोआप पाळले जातात, हा शोध शेषरावांना त्या पंपावर लागला, आणि तो चारचौघांत सांगता येण्यासारखा नव्हता. एका कडूबाला त्यांनी सांगितला. कडूबाने हात पुसले.

"तेरा? मंग इंजिनात काई दोष नव्हता भाऊ. सवारीतच होता."

दीड वर्षात, भगवंतराव धरून, मयतीच्या अकरा खेपा झाल्या. आसपासच्या चार गावांत ही बातमी पसरली, की शेषरावांच्या गाडीत माणूस सरळ झोपतो आणि शेषराव फार जपून आणतात. मुद्दाम कोणी ठरवलं नाही, पण जहाज आता गावाचं झालं, आणि लग्नाच्या यादीतून ते गुपचूप गळलं. शेषरावांचा पायही बदलला. गाडी रिकामी असली तरी तो पन्नासच्या पुढे जाईना. एकदा ते शेगावहून युरियाची पोती घेऊन गावात शिरले, तर पारावरची माणसं उठून उभी राहिली, दोघांनी टोप्या काढल्या, आणि पोती उतरेपर्यंत एका बाईने माहेरी फोनसुद्धा लावला होता.

पुष्पाबाईंनी पहिल्या खेपेनंतरच सांगितलं, की त्या गाडीत मी आता बसत नाही. शेषरावांनी नवी गादी आणली. त्या म्हणाल्या, गादीचं नाही. शेषरावांनी सत्यनारायण घातला. त्यांनी प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थैली घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. शेषराव सोबत निघाले तर म्हणाल्या, तुमचा फोन वाजते, तुम्ही घरीच राहा.

फोन वाजतही असे. एकदा तर असं झालं, की पुष्पाबाई तपासणी करून एसटीने परत येत होत्या आणि शेषराव त्याच रस्त्याने पन्नासच्या वेगाने कोणाला तरी घेऊन येत होते. एसटीने जहाजाला मागे टाकलं. शेषरावांनी वर पाहिलं. खिडकीत पुष्पाबाई होत्या. बायको नवऱ्याकडे पाहते तसं त्यांनी आधी पाहिलं, मग मागच्या काचेकडे नजर गेली, आणि पदर डोक्यावर घेऊन त्यांनी हात जोडले.

ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ती सोडून बाकी सगळे जहाजातून अकोल्याहून येत होते. ॲव्हरेज मात्र तेराच्या खाली यायला तयार नव्हतं.

एसटीने जाणं किती दिवस जमणार होतं? एक महिना पाय सुजले म्हणून राहिला. एक सणामुळे राहिला. तिसऱ्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही, शेषरावांनी विचारलं नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी पुष्पाबाई ओसरीवर बसल्या होत्या त्या बसल्याच राहिल्या. श्वास वरच्या वर लागू लागला. शेषरावांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आडवं करू नका, पाणी छातीत चढलंय, बसवून आणा, लगेच. सरकारी ॲम्ब्युलन्स जळगाव जामोदकडे पेशंट घेऊन गेलेली, यायला तास लागणार. गुलाबराव धावत आला आणि त्याने हाताच्या सवयीने जहाजाचं मागचं दार उघडलं.

पुष्पाबाईंनी त्या दाराकडे पाहिलं. गाडीचा पत्रा धरत-धरत त्या पुढे गेल्या, पुढच्या दाराशी थांबल्या. ते उघडायचं बळ नव्हतं. गुलाबरावाने मान खाली घालून ते उघडलं आणि त्यांना वर चढवलं.

शेषरावांनी गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, सगळे लोण्यासारखे पडले. काटा पन्नासवर आला आणि थांबला. पुष्पाबाई दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून, पुढे वाकून श्वास ओढत होत्या. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी चार-पाच माणसं होती. जहाज येताना दिसताच ती उभी राहिली आणि त्यांनी हात जोडले. पुढच्या सीटवर कोण आहे, हे त्यांना दिसलं तेव्हा जोडलेले हात खाली घ्यावेत की नाही ते त्यांना कळेना. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने बैलगाडी कडेला घेतली, मुंडासं काढलं.

पुष्पाबाई बोलल्या तेव्हा शब्दाशब्दाला थांबत होत्या.

"जोरात चालवा. मी जित्ती हाय अजून."

शेषरावांनी पाय दाबायचा ठरवला. पाय दबेना. दीड वर्षात त्याला एवढंच शिकवलं होतं, की मागच्याला दचका बसू द्यायचा नाही, आणि मागे कोणी नाही हे पायाला कळायला पुलाचा अर्धा भाग जावा लागला. मग तो दबला. जहाजाने मागे काळा ढग सोडला, सगळा सांगाडा थरथरला, काटा साठ झाला, सत्तर झाला, ऐंशीला खिडक्या वाजू लागल्या. उरलेला एकुलता हॉर्न शेषराव सोडतच नव्हते. खड्ड्यांत गाडी आदळत होती, पुष्पाबाईंचं डोकं दोनदा दाराच्या काचेवर आपटलं, दोनदाही त्यांनी दांडा सोडला नाही. शेगावच्या पुढे त्यांनी एसीच्या बटणाकडे बोट केलं. शेषरावांनी तो लावला.

अकोल्यात दवाखान्याच्या गेटवर वॉचमन होता. अकरा खेपांची ओळख. त्याने शेषरावांना मान डोलावून रामराम केला, आडवा बांबू वर केला आणि मागच्या बाजूला, शवागाराकडे जायचा हात दाखवला.

"तिकडं नाही," शेषराव म्हणाले. "पुढून जाचं हाय."

मग त्यांच्या लक्षात आलं, की या इमारतीचं पुढचं दार कुठल्या अंगाला आहे हेच आपल्याला आठवत नाही. वॉचमनने आत पाहिलं. त्याने बांबू सोडला आणि व्हीलचेअर आणायला तो स्वतः पळाला.

संध्याकाळी पाच वाजता पुष्पाबाईंना मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. निभावलं तर यापुढे आठवड्यातून दोनदा आणायचं, कायमचं. शेषरावांनी मान हलवली. बाहेर बाकावर बसून त्यांनी राजकुमारला कळवलं. तो निघतो म्हणाला.

फोन खिशात ठेवायच्या आधीच वाजला. सध्याचे सरपंच माणिकराव बोलत होते. त्यांचा चुलता त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर दुपारी वारला होता. वहिनींचं त्यांना गुलाबरावाकडून कळलं होतं, वाईट वाटलं होतं, म्हणूनच आधी विचारायला संकोच झाला होता. पण कागदपत्रं झाली होती, घरी सगळे जमले होते, आणि भाऊ तर अकोल्यातच होते.

"तुम्हाले तसंही गावाकडं एक चक्कर लागंनच, कपडे-लत्ते आणाले," माणिकराव म्हणाले. "गाडी रिकामीच येईन ना तुमची."

आजवर या फोनला शेषरावांनी कधी विचार करून उत्तर दिलं नव्हतं. आता त्यांनी केला. नाही म्हटलं तर उद्या पारावर काय बोललं जाईल ते त्यांना शब्दाशब्दाने माहीत होतं. सरपंच असताना ते स्वतः दुसऱ्यांबद्दल तसंच बोलले होते. उघड्या दारातून, पलंगाभोवतीच्या पडद्याच्या फटीतून, त्यांना पुष्पाबाई बसलेल्या दिसत होत्या. पाठीमागे तीन उशा लावल्या होत्या. मशीन गरगरत होतं.

"गाडी रिकामी नाही, माणिकराव. परतीची सवारी हाय."

 मग माणिकरावांनी, ज्या आवाजात अशा वेळी विचारतात त्या आवाजात विचारलं, "वहिनी कशा हायेत?"

"बसेल हाय," शेषराव म्हणाले.