डुरकणारी मोटार

"अजून खाली," पुंजाजी म्हणाला.

मी इंजन बंद केलं अन् हातातला पाना धुळीत फेकला. "कितीक खाली बे? धुराचा नळ जमिनीत गाडू काय आता?"

"पाटलाले बैलाचा आवाज पाह्यजे ना? मंग आयक." त्यानं डोळे मिटले, हनुवटी छातीशी नेली अन् आतून एक हुंकार काढला. गोठ्यातल्या गाईंनी माना वळवल्या. "असा. घशातून नाई, पोटातून."

आता उकंडराव पाटलाची अक्कल सांगतो. बापाची जमीन भरपूर, डोक्यात भुसा. पोळ्याच्या महिनाभर आधी त्याच्या मानाच्या जोडीतला मोऱ्या बैल पोट फुगून मेला. शहाणा माणूस दुसरा बैल पाहतो. यानं राहिलेला हिऱ्या खालच्या आळीतल्या किसनरावाला विकला अन् नांदुऱ्याहून एक जुनी मोटार आणली, मागून उघडी, माल टाकायची. पोळ्याला तोरणाखालून पहिली मानाची जोडी जाते ना? तिच्या जागी म्हणे आता मोटार जाईल! अन् मोटारीचा आवाज कसा, तर शेळी खोकल्यासारखा. पाटलाचाही तसाच, पण ते त्याला कोण सांगेल?

म्हणून मला बोलावलं. मी नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात इंजनाला तेल पाजणारा. चार पेच ओळखतो, म्हणून गावात मिस्त्री.

"बैलावानी डुरकली पाह्यजे," पाटील म्हणाला. "वेशीपासून समजलं पाह्यजे, कोण येऊन राह्यलं ते."

'शिंगं बी लावू काय?' हे मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "हाव, मालक." माझीबी लायकी तेवढीच.

आवाज जमला का नाही, हे ठरवायचं कोणी? पाटील स्वतःचे बैल झुलीवरून ओळखायचा. झूल काढली की त्याला सारे सारखेच. म्हणून त्यानं पुंजाजीला बसवलं. पुंजाजी त्याचा सालदार. बावीस वर्षं पाटलाची मानाची जोडी यानंच तोरणाखालून नेली. खांद्याला तूप-हळद यानंच चोळली. आता पोळ्याला ज्याच्या हाती कासरा नाही, त्यानं उभं कुठं राहायचं? पाटलानं तेही ठरवलं होतं. "तू मोटारीत मांगं बसजो, झेंडा धरून."

अन् हा गडी तीन दिवस माझ्या उरावर बसून त्याच मोटारीचा आवाज लावत होता. मी धुराच्या डब्यातल्या जाळ्या काढल्या. जिनातल्या भंगारातला जाडा नळ आणला. वीत-वीत लांबी वाढवली. दरवेळी याची मान आडवी.

"पुंजाजी, काऊन येवढा जीव लावून राह्यला? तुहीच जागा खाल्ली हिनं."

"काम सांगतलं ना त्यानं? मंग खराब करू काय?"

मी म्हटलं, पाटील मूर्ख, हा त्याच्याहून मूर्ख अन् मी दोघांचा चाकर.

चौथ्या दिवशी नळ मागच्या फळीच्या हातभर बाहेर आला. इंजन सुरू केलं. पुंजाजी गोठ्यात गेला, रिकाम्या खुंट्याशी बसला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "झालं. आता हात नको लावू त्याले."

पोळ्याच्या दिवशी बैलांची रांग लागली. शिंगांना बेगड, अंगावर झुली. सगळ्यांच्या पुढं मोटार. मी चालवायला अन् शेजारी पाटील, फेटा बांधून, मिशीला पीळ देत. पुंजाजी झेंडा घ्यायला आलाच नाही. तो बाजूला उभा होता. दोन्ही हात रिकामे.

मोटार डुरकली. वाजंत्री थांबली. पाटलीणबाई, अन्नपूर्णाबाई, पाण्याचा गडू घेऊन पुढं आल्या. बैलाचे पाय धुवायचे, पण इथं पाय कुठले? बिचारीनं इकडंतिकडं पाहिलं अन् चाकावर पाणी ओतलं. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात रांगेच्या शेवटून एक बैल हंबरला.

हिऱ्या! किसनरावाच्या हातून कासरा हिसकून तो निघाला. सारी रांग ओलांडून मोटारीच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला अन् त्यानं मान खाली घातली. जोखड घ्यायला घालतात, तशी.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पुंजाजीनं कोण्याही बैलाचा आवाज लावला नव्हता. मोऱ्याचा लावला होता.

"पाह्यलं?" पाटील ओरडला. "बैल बी मान देऊन राह्यले मोटारीले!"

इतकं मोठं डोकं देवानं नुसतं फेटा बांधायला दिलं होतं.

जोखड काही आलं नाही. हिऱ्या मागं गेला. नळाला नाक लावलं. धूर नाकात गेला तसा फुरफुरला, दोन पावलं मागं सरला अन् पुन्हा वास घेतला.

पुंजाजी आला. हिऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "चाल, हिऱ्या. तो नोहे."

मी इंजन बंद केलं.

"चालू कर बे! कोनं सांगतलं तुले?" पाटील किंचाळला, तोच शेळीचा आवाज. मी चावी खिशात घातली.

पुंजाजी हिऱ्याला घेऊन साऱ्या गावासमोरून चालत गेला अन् रांगेत शेवटी, किसनरावाच्या जागी, उभा राहिला. किसनरावानं कासरा परत मागितला नाही.