आधी तुझ्या घरचं कोणी जाऊ दे

ढुंगेपानीला गाडीरस्ता यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा डॉक्टर येणार म्हटलं की पुढे औषधांच्या पेट्या घेतलेले हमाल आणि मागून धापा टाकत डॉक्टर, अशी वरात डोंगर चढून यायची. बाईडॉक्टर तर त्या वर्षी पहिल्यांदाच आली. शाळेची एक खोली रिकामी केली होती. खिडकीला नौमतीने आपली शाल टांगली होती, फळ्याखाली मास्तरांचं टेबल आडवं लावलं होतं. आणि उन्हं डोक्यावर आली तरी त्या टेबलावर एकही बाई चढली नव्हती.

नौमती गावची आरोग्यसेविका. पोरांना डोस पाजायचे, बाळंतिणीपाशी रात्र काढायची, संडास बांधा म्हणून घरोघर भांडायचं, ही तिची कामं. वर रानसमितीची चिटणीसही तीच. गावाजवळची उजाड टेकडी तिने तारेचं कुंपण घालून राखली होती. तिथे रान माजलं होतं आणि आटलेला झरा पुन्हा वाहू लागला होता. गावात कुणाला काय दुखतं ते मला ठाऊक, असं ती म्हणायची, आणि तिचं बोलणं लोक मानायचे.

डॉक्टरीण आली होती ती एकाच दुखण्यासाठी, बायकांचं अंग बाहेर येतं त्यासाठी. "अजून तासाभरात कुणी आलं नाही तर आम्ही वरच्या गावाला जाऊ," ती म्हणाली. "उद्या सकाळी उतरणार. पुन्हा या बाजूला कधी येणं होईल, सांगता येत नाही."

नौमती तणतणत बाहेर आली. चौतारीच्या पारावर बायका टोपल्या उतरवून, मक्याच्या लाह्या खात, हसत-खिदळत बसल्या होत्या.

"अगं, उठा ना कुणीतरी!"

"आम्हांला काय धाड भरलीय?" म्हातारी बुद्धिसरा म्हणाली. "आम्ही डॉक्टरीण बघायला आलो. केस कापलेत म्हणे, पुरुषासारखे."

"नवऱ्याने कापले असतील, भांडणात," लाह्या वाटणारी दुसरी म्हणाली आणि पार हसून लोळला.

"लाज कसली वाटते? बाईच आहे ना ती?"

"मग आधी तुझ्या घरचं कोणी जाऊ दे," बुद्धिसरा म्हणाली. "नुसतं आम्हांला शहाणपण शिकवतेस ते!"

नौमती चिडली. पाराच्या कडेला तिची सासू आइतमाया बसली होती. गवताला निघालेली, जाता जाता टेकलेली.

"आमा, चला. तुम्ही चला आत."

"मी? मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच तर. नुसतं जायचं, आडवं व्हायचं, उठून यायचं. यांना जरा धीर येईल."

आइतमाया सुनेकडे बघत राहिली. "नुसतं?"

"नुसतं."

बुद्धिसराचं हसणं मध्येच थांबलं. ते नौमतीच्या लक्षात आलं, पण का, ते आलं नाही.

आत आइतमाया टेबलावर आडवी झाली. नौमती उशाशी उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून दर संध्याकाळी तिने या पायांना तेल चोळलं होतं. गुडघ्यापर्यंत हात आला की आमा म्हणायची, "पुरे गं, जेव जा." किती जपते सुनेला, असं नौमतीला वाटायचं.

डॉक्टरीण वाकली. खोलीत कुबट, सडका वास पसरला. मग चिमट्यातून काहीतरी ताटलीत पडलं.

नौमतीने वाकून पाहिलं. रबराचं कडं होतं, सपातेच्या तळव्यातून कापून काढलेलं, वर चिंधी गुंडाळलेली. चिंधीखालून निळा रंग दिसत होता. नौमतीची निळी सपात दोन पावसाळ्यांपूर्वी हरवली होती. कुत्र्याने नेली म्हणून तिने कुत्र्याला बदडलं होतं.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरणीने विचारलं.

आइतमाया छताकडे बघत बोलली. "धाकट्याच्या वेळेपासून. ओली बाळंतीण होते, तशीच भारा आणायला गेले. तेव्हा एवढं नव्हतं, ढकललं की आत राहायचं. जवळचं रान बंद झालं, पलीकडच्या कड्यावर जावं लागायला लागलं, तेव्हापासून राहीना. मग हे बसवलं."

नौमती मटकन बाकावर बसली. बाक पहिलीच्या पोरांचा, तिचे गुडघे छातीला लागले.

"आमा, मला का नाही सांगितलंत? मी घरोघर हेच विचारत फिरते!"

"लोकांच्या घरी विचारतेस," आइतमाया म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आणि सांगून काय? मीटिंग सोडून तू गवताला गेली असतीस?"

"जखम चिघळलीय," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या आमच्याबरोबर खाली यावं लागेल. ऑपरेशन करायचं. आणि यापुढे भारा उचलायचा नाही."

आइतमाया उठली, कमरेचा पटका आवळला आणि हात पुढे केला. "द्या ते इकडे."

"काय?"

"कडं. म्हशीला गवत कोण घालणार? नाही दिलंत तर दुसरं कापीन."

"आमा, पाया पडते, जा तुम्ही!" नौमती रडकुंडीला आली.

"तारेचं फाटक उघड. बायकांना जवळचं गवत कापू दे. मग जाते."

"ते माझ्या एकटीच्या हातात आहे का? समितीने ठरवलंय. झाडं अजून कोवळी आहेत, झरा..." नौमती बोलता बोलता थांबली. हेच भाषण तिने दर बैठकीत केलं होतं. बाहेर पारावर बसलेल्या याच बायका पुढच्या रांगेत बसून माना डोलवायच्या. कुणी तोंडातून ब्र काढला नव्हता.

ती बाहेर आली.

"काय निघालं?" बुद्धिसराने हळूच विचारलं.

नौमतीला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. "उद्यापासून कुणी कड्यावर जायचं नाही," ती म्हणाली. "जवळच्या रानातलं गवत कापा. झाड तेवढं तोडू नका. समितीला काय सांगायचं ते मी सांगेन, काढायचं असेल तर मला काढतील."

मागून, शाळेच्या दारातून आइतमाया म्हणाली, "जाते मग मी उद्या." आणि मैत्रिणीकडे वळून, "ऊठ गं बुद्धिसरा. किती दिवस बसशील तशी?"

बुद्धिसरा गुडघ्यावर हात देऊन उठली. नौमतीकडे न बघता आत गेली. तिच्या मागून लाह्या वाटणारी उठली. मग तिची जाऊ. मग सरपंचाकडची. एकमेकींकडे न बघता त्या दारापाशी रांगेने उभ्या राहिल्या. पारावर नुसत्या टोपल्या उरल्या. नौमती एकेकीचा चेहरा बघत होती. हिच्या मुलाला तिने डोस पाजला होता, हिच्याकडे दसऱ्याला जेवली होती.

शेवटी जीतकुमारी आली. नुकतंच मिसरूड फुटलेल्या नवऱ्याची कोवळी बायको. तिचं बाळंतपण नौमतीनेच केलं होतं. तिने बाळ पुढे केलं.

"दिदी, याला जरा धरता? मला पण जायचंय आत."